आपल्यातली

पहिल्या घरातल्या बाईंनी दार उघडलं आणि लावून घेतलं. खोली भाड्यानं आहे का, हे गिरिजाला विचारताही आलं नाही. दुसऱ्या घरातल्या गृहस्थांनी गिरिजाला इंग्रजीत विचारलं, कोणत्या देशातून आलात. तिनं मराठीत सांगितलं, "यल्लापूरहून. कारवार जिल्हा." गृहस्थ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. आपल्या घरातली वस्तू परक्याच्या हातात दिसावी, तसं त्यांना ती भाषा त्या तोंडात दिसून झालं असावं. मग म्हणाले, "आफ्रिकेत कुठं येतं हे?"

तिसरं दार नीलम्माचं होतं.

लातूरला सिद्धेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक बोळ आहे. त्या बोळात निळ्या दाराचं घर, बाहेरून जिना, वर एक खोली. नीलम्मा साठीच्या पुढची, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हात पिठाचे. दार उघडल्यावर तीही दचकली. दचकणं गिरिजाला लहानपणापासून ओळखता येतं. आधी डोळे थांबतात, मग हात दाराच्या कडेला जातो. नीलम्माचा हात गेला, पण तिथंच राहिला. ती गिरिजाच्या गळ्याकडे बघत होती. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली चांदीची डबी होती, जांभळाहून थोडी मोठी, झाकणाची.

"नाव काय?"

"गिरिजा."

"आडनाव?"

"सिद्दी."

"सिद्धी?" नीलम्माचा हात दारावरून खाली आला. "सिद्धेश्वराचे का तुम्ही?"

"हां?" गिरिजा म्हणाली. काय म्हणालात, पुन्हा सांगा, या अर्थानं. नीलम्माला त्यातलं 'हां' तेवढं ऐकू आलं.

"कन्नड बरतदेन?" तिनं विचारलं. कन्नड येतं का?

सकाळपासून त्या गावात गिरिजाला हा पहिला प्रश्न असा आला, ज्याचं उत्तर तिच्याजवळ होतं. ती कन्नडमध्ये बोलायला लागली आणि तिला थांबता येईना. नीलम्माचं माहेर देवणीच्या पलीकडचं, घरात कन्नडच चाले. नवरा गेला, मुलगा राजशेखर पुण्याला नोकरीला गेला, तेव्हापासून ती भाषा तिच्या तोंडात नुसती बसून होती. ती रिकाम्या बोळाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "नम्म मंदी!" आपली माणसं.

मग चहा आला. स्टीलच्या कपात. कपावर 'अमरनाथ' कोरलेलं. "आमच्या मालकाचा कप हाय," नीलम्मा म्हणाली. "पी."

*

सिद्दी म्हणजे काय, हे गिरिजाला स्वतःलाही शाळेत कळलं. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजांत घालून आणलेली माणसं, गोव्याच्या मालकांना चुकवून घाटावरच्या रानात शिरलेली. त्यांची पोरं, पोरांची पोरं. रानात त्यांनी मध काढला, दुसऱ्यांच्या सुपारीच्या बागा शिंपल्या, कोकणीसारखी एक मराठी बोलायला घेतली आणि जुनी भाषा कुठंतरी हरवली. सगळ्यांचं आडनाव एकच. रानात ते पुरत होतं. तिथं कुणी 'कोणातली' विचारत नसे, कारण चेहऱ्यावर दिसत असे.

गिरिजा हुबळीला रक्त तपासायचं शिकली. तिथल्या एका लॅबनं लातुरात शाखा काढली आणि तिला पाठवलं. जाताना आई म्हणाली, "मराठी मुलूख आहे, आपली बोली समजेल त्यांना." बोली समजली. बोलणारी समजली नाही.

गळ्यातली डबी आजीची. आजी तंबाखू खायची, डबीत चुना ठेवायची. ती गेली तेव्हा तिचं म्हणण्यासारखं दुसरं काही मागं राहिलं नव्हतं. आईनं डबी दोऱ्यात ओवून गिरिजाच्या गळ्यात घातली. आत आजीनं शेवटचा भरलेला चुना तसाच होता, वाळून दगड झालेला. हलवला की खुळखुळायचा.

नीलम्माच्या घरातली गोम गिरिजाला दोन-तीन दिवसांनी कळली. ती सकाळी पाणी मागायला खाली उतरली तेव्हा नीलम्मा पाटावर बसली होती. गळ्यातली चांदीची डबी तिनं उघडली, आतून लिंगायत गळ्यात बाळगतात ते काळंभोर इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं, आणि डोळ्यांजवळ नेऊन त्याच्याकडे बघत कन्नड वचन पुटपुटू लागली. तिची डबी आणि गिरिजाची डबी एका सोनारानं केल्यासारख्या होत्या.

गिरिजाच्या डबीतही लिंगच आहे, असं नीलम्मा धरून चालली होती. आत्ता सांगावं, म्हणून ती पूजा संपायची वाट बघत दारात उभी राहिली. पूजा संपली. तिनं तोंड उघडलं.

"अम्मा, ही डबी..."

"आधी भाकरी खा," नीलम्मा म्हणाली. "उपाशी पोटी देवाचं बोलू नये."

तोंडात भाकरी गेली. सांगणं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड होतं, तिसऱ्या दिवशी त्याहून. आणि दरम्यान बोळ बदलला होता. "आमच्यातलीच हाय," नीलम्मानं भाजीवाल्याला सांगितलं. "सिद्धेश्वराचे लोक. कर्नाटकात ऊन लई, म्हणून रंग तसा." भाजीवाल्यानं पुढच्याला सांगितलं. पोरं तिच्या मागून 'आफ्रिका, आफ्रिका' ओरडत बोळाच्या तोंडापर्यंत यायची आणि तिथं गप्प व्हायची. बोळात ती आपल्यातली होती.

असं एखाद्या शब्दाच्या आत राहता येतं, हे गिरिजाला ठाऊक नव्हतं. भिंती होत्या त्याला, छप्पर होतं. बाहेर मात्र सगळं उघडं.

*

बाहेर लॅब होती. शिकवणीला आलेली पोरं तापानं फणफणून यायची, त्यांचे बाप खेड्यांतून यायचे, म्हातारे साखर तपासायला यायचे. गिरिजानं सुई हातात घेतली की समोरचा हात मागं जायचा. एका म्हातारीनं बोट जिभेला लावून गिरिजाच्या मनगटावर घासून पाहिलं. बोट उजेडात धरलं. काही लागलं नव्हतं.

"पक्का हाय," म्हातारी आपल्या सुनेला म्हणाली. आणि हात पुढं केला.

बिलिंगला बसणारा विनोद वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्यानं तिचं आडनाव वाचलं आणि खुर्चीतून उठला.

"सिद्दी! म्हंजे चौथीच्या पुस्तकातले? पन्हाळ्याला वेढा घातलेले?"

"मी कर्नाटकात शिकले," गिरिजा म्हणाली. "आमच्या पुस्तकात नव्हता."

"मग वेढा उठवा की ताई. महाराज कवाच विशाळगडाला गेले."

सगळे हसले. गिरिजाही हसली, काय झालं ते न कळता. तेव्हा पलीकडच्या टेबलावरून एक आवाज आला, "हसू नको गं. हे आता रोज एक किल्ला काढंल बघ."

ती संघमित्रा. बिलोलीची, बौद्ध, लॅबमध्ये गिरिजाच्या आधीपासून. बुटकी, तरतरीत, बोलायला लागली की हातातल्या नळ्याही बोलत. एकदा एका मालदार दिसणाऱ्या माणसानं गिरिजाला बघून विचारलं, "दुसरं कुणी न्हाई का रक्त घ्यायला?" तर संघमित्रा उठून पुढं आली.

"मी हाय की मालक. आडनाव सांगू?"

"आडनाव कशाला?"

"न्हाई, आधीच सांगितलेलं बरं. एंगडे. आता बोला, कुणाला हात देता?"

तो माणूस दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिला. शेवटी त्यानं हात गिरिजापुढं ठेवला. संघमित्रा तिच्या कानाशी येऊन म्हणाली, "बघ, जिंकलीस." गिरिजाला यातली गोष्ट कळली नाही. तिला वाटलं, ही आपली बाजू घेतेय. ती घेतच होती. पण त्यात आणखी काही होतं, ते पुढं कळायचं होतं.

दोघी एका डब्यात जेवू लागल्या. गिरिजा घराबद्दल बोलताना नेहमी 'अम्माचं घर' म्हणायची. कुठलं, ते संघमित्रानं कधी विचारलं नाही. ती स्वतः रिंगरोडच्या पलीकडे एका खोलीत राहायची, शेजारी पिठाची गिरणी, अंथरुणावर सकाळी पांढरं बसलेलं असायचं. "तुझ्याकडं राहायला पाहिजे होतं मी," गिरिजा म्हणायची, "जरा गोरी झाले असते."

*

पावसाळ्यात गिरिजाला डेंग्यू झाला. तिचं रक्त संघमित्रानंच तपासलं आणि तिला घरी पाठवलं. नीलम्मा वर आली ती जिना चढताना तीनदा बसली, पण आली. कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या. पपईच्या पानांचा रस कुठून तरी आणला, वाटी तोंडाला लावली. ताप उतरल्यावर खोबरेल तेल घेऊन बसली.

"केस असे का गं तुझे? देवाचे हैत का? जटा?"

"न्हाई अम्मा. असेच येतात आमच्यात."

"सगळ्यांचे?"

"सगळ्यांचे."

"महादेवाचेच लोक मग तुम्ही," नीलम्मा समाधानानं म्हणाली आणि फणी घातली. फणी मोडली. नीलम्मा मोडक्या फणीकडे बघत हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "राजशेखरच्या बापाची होती," ती म्हणाली. "जाऊ दे. त्याला टक्कल होतं."

त्या संध्याकाळी गिरिजाला झोप लागेना. हे प्रेम होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. पण ते कुणाला मिळत होतं? खाटेवर पडलेल्या मुलीला, की तिच्या गळ्यातल्या डबीला? तिनं डबी कानाशी धरून हलवली. आत आजी खुळखुळली.

*

श्रावण तोंडावर आला. नीलम्मानं सांगितलं, पहिल्या सोमवारी घरी अय्या येणार, जंगम गुरू, घरातल्या सगळ्यांच्या पूजेला.

"तुझं लिंग दाखवू त्यांना. वरचा काळा लेप उडाला असंल, नवीन करून देतील. तू कधी पूजेला बसताना दिसत न्हाईस. मी काही बोलते का? तुमची पद्धत निराळी असंल. पण लिंग उघडं पडू नये."

गिरिजानं मान हलवली. तिच्याजवळ फक्त रविवार उरला.

"अन् ती तुझी मैत्रीण," नीलम्मा म्हणाली, "जिनं तुझं रक्त तपासलं. तिला आण की जेवायला रविवारी. हुग्गी करते. गव्हाची गोड खीर, वर तुपाची धार सोडून."

संघमित्रा लगेच हो म्हणाली. गिरिजानं ठरवलं, तिच्या सोबतीनं सांगून टाकू. संघमित्रा काहीतरी बोलेल, नीलम्मा हसेल, फणी मोडल्यावर हसली होती तशी, आणि सगळं सरळ होईल.

दोघी बोळात शिरल्या. संघमित्रानं केसांत गजरा माळला होता, हातात केळी होती. ती बोलत होती, मध्येच थांबली.

"कुठलं घर?"

"ते. निळ्या दाराचं."

संघमित्रा पुढं आली नाही. कुणाच्या तरी ओट्याला टेकली. तिचा चेहरा गिरिजानं असा कधी पाहिला नव्हता. त्यावर काहीच नव्हतं.

"मी आलते हितं," ती म्हणाली. "मार्चात. खोली बघायला."

"अम्माकडं?"

"लई चांगली बोलली. बस म्हणाली, बिलोलीला आमचे पाहुणे हैत म्हणाली. खोली दावली. मग आडनाव इचारलं. एंगडे. 'एंगडे म्हंजे?' मी सांगितलं म्हंजे काय ते. मला काय लाज हाय का सांगायची? मग आत गेली अन् चहा आणला. कागदाच्या कपात. लग्नाकार्यात उरलेले असतेत ना, तसला. मांडणीवर स्टीलचे कप ओळीनं चमकायलते, मला समोर दिसायलते."

"मग?"

"मग पोराला इचारून सांगते म्हणाली. संध्याकाळी पोराचा फोन. पुण्याहून. लई गोड बोलला बाई. मॅडम, मॅडम. खोलीचं काम काढलंय म्हणे, फरशी बसवायचीय."

गिरिजाला वरच्या खोलीतली फरशी आठवली. जूनमध्ये ती आली तेव्हा फरशी जुनीच होती. आत्ताही जुनीच आहे. खाटेच्या पायाशी एक तडा आहे, त्यात मुंग्या राहतात.

"पण मी," ती म्हणाली, "माझं तर... मला बघून दारं लावली होती लोकांनी. मला कशी दिली?"

संघमित्रानं तिच्या गळ्याकडे पाहिलं. तिला कळायला वेळ लागला नाही. ती याच मुलखातली होती.

"ह्या डबीवर? लिंगायत समजून?" ती पुढं झुकली. "काय हाय गं त्यात?"

"चुना."

संघमित्रा हसायला लागली. केळी ओट्यावर ठेवून, पोट धरून हसली. "चुना! अगं सगळ्या बोळाला चुना लावलास की तू!" बोळातली एक खिडकी उघडली आणि मिटली. संघमित्राचं हसू आलं तसं गेलं.

"लातुरातली सगळ्यात काळी," ती गिरिजाच्या गालाला हात लावून म्हणाली, "अन् सगळ्यात सोवळी."

"मित्रा, तू चल. मी आज सांगणारच होते तिला. तू असलीस की..."

"मी कशाला? मला हाकललं, ते मी बघायला परत येऊ?" तिनं केळी गिरिजाच्या हातात दिली. "जा. हुग्गी खा. लई तूप घालतेत ते लोक."

ती वळली. बोळाच्या तोंडाशी पोरं उभी होती. त्यांनी तिला वाट दिली, कुणी काही ओरडलं नाही. ओरडण्यासारखं तिच्यावर काही दिसतच नव्हतं.

*

नीलम्मानं तीन ताटं मांडली होती. तिन्ही स्टीलची.

"मैत्रीण कुठंय?"

"दारापर्यंत आली होती."

"मग?"

गिरिजानं गळ्यातली डबी काढली. दोरा केसांत अडकला, ओढून काढला. तिनं डबी पुढं केली. नीलम्मानं नकळत पदर डोक्यावर घेतला आणि डावा तळहात पुढं धरला, पूजेला धरतात तसा. गिरिजानं डबी त्यावर ठेवली.

"उघडा अम्मा."

"मी कशी उघडू दुसऱ्याचं?"

"उघडा."

झाकण घट्ट होतं. नीलम्मानं नखानं उचकटलं. आत पांढरा खडा होता, ओबडधोबड, कडेला तंबाखूची पिवळी रेघ.

"हे काय?"

"चुना. आजीचा. तंबाखू खायची ती." गिरिजा एका दमात बोलत गेली. "सिद्धी न्हाई अम्मा, सिद्दी. सिद्धेश्वराचा आमचा काही संबंध न्हाई. आम्हाला जहाजातून आणलं होतं. मी पहिल्याच आठवड्यात सांगायला आले होते, तुम्ही भाकरी दिली."

चुलीवर दूध उतू चाललं. नीलम्मा उठली नाही. तिच्या तळहातावर चुना होता आणि तो हात तिनं खाली घेतला नव्हता.

"जिन्यावरून तू उतरायचीस," ती हळू म्हणाली, "तवा मी रोज नमस्कार करायचे. तुला न्हाई. ह्याला."

गिरिजाला ते ठाऊक नव्हतं. तिला वाटलं होतं, म्हातारी तोंडावरचा पदर सारखा करते.

"म्हंजे तू आमच्यातली न्हाईस."

"न्हाई."

"मग कोणातली?" नीलम्मानं मान वर केली. तिचे डोळे गिरिजाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होते. रंग त्यांना दिसत नव्हता, केस दिसत नव्हते, समुद्र, जहाज काहीच नाही. "खरं सांग पोरी. कुणीबी असू दे, चालतंय. लांबची हैस, मला काय त्याचं. फकस्त एवढं सांग, तू जयभीमवाल्यातली तर न्हाईस ना?"

दूध उतू जाऊन चूल विझली. जळका वास घरभर झाला.

गिरिजाच्या पेटीत सरकारी दाखला होता. त्यावर 'अनुसूचित जमाती' लिहिलेलं होतं. 'आदिवासी' एवढा एक शब्द उच्चारला असता, तर समोरचे खांदे खाली आले असते. नीलम्मानं श्वास सोडला असता, हुग्गी वाढली असती, उद्या अय्यांना काहीतरी सांगितलं असतं. गिरिजाला ते सगळं घडून गेल्यासारखं दिसलं. म्हातारीचा चेहरा सुटायला तयार होऊन बसला होता. तो सुटण्याची तिला भीती वाटली. आयुष्यात लोकांच्या दचकण्याची तिला सवय होती. कुणी आपल्याला बघून सुटकेचा श्वास टाकायच्या बेतात आहे, हे पहिल्यांदाच होत होतं.

"तुमच्याकडून कागदाच्या कपात चहा पिऊन गेली ना," ती म्हणाली, "तिच्यातली."

"कोण?"

"मार्चात आली होती. खोली बघायला. बिलोलीची."

नीलम्मानं आठवून पाहिलं. खरोखर पाहिलं. तिच्या कपाळावरचे विभूतीचे पट्टे आकसले.

"कोण गं?" ती म्हणाली. "लई येतेत."

गिरिजा उठली. नीलम्माला काहीच आठवत नव्हतं. संघमित्राच्या डोळ्यांपुढं मांडणीवरचे कप अजून ओळीनं उभे होते, आणि इथं त्या दिवसाचा डागसुद्धा नव्हता. जिना चढताना गिरिजाच्या लक्षात आलं, गळा मोकळा आहे. डबी खाली राहिली होती. परत जाववेना.

*

सोमवारी अय्या आले. वरच्या खोलीत घंटा ऐकू आली, धुपाचा वास आला. तिला कुणी बोलावलं नाही. संध्याकाळी ती लॅबमधून आली तेव्हा जिन्याच्या पायरीवर फडक्यानं झाकलेलं जेवण होतं. फडकं काढायला तिचा हात धजेना. पत्रावळ असेल, कागदाची ताटली असेल, याची तिनं मनातल्या मनात तयारी केली. ताट स्टीलचं होतं. कडेला 'अमरनाथ' कोरलेलं. त्यात हुग्गी होती, कालची, गरम केलेली.

गिरिजा पायरीवर बसून राहिली. कागद असता तर सोपं झालं असतं.

अंधार पडताना फोन वाजला.

"मॅडम, राजशेखर बोलतोय पुण्याहून. नीलम्मांचा मुलगा. आई सांगत होती, तुम्ही फार चांगल्या आहात. खरं म्हणजे मी असलं काही मानतच नाही. पण आईचं वय झालंय, शेजारीपाजारी असतात, तुम्ही समजू शकता. तर मॅडम, वरच्या खोलीचं काम काढायचं म्हणतोय. फरशी बसवायचीय. महिनाअखेरीस जमेल का तुम्हाला?"

वाक्य येण्याआधीच ते तिला ठाऊक होतं. तरी ते जसंच्या तसं, त्याच गोड आवाजात, मॅडमसकट आलं, तेव्हा तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. माणूस चिडून बोलला असता तर त्यानं नवे शब्द शोधले असते.

"मार्चपासून बसवताय ना?" ती म्हणाली.

"सॉरी?"

"फरशी."

 पलीकडून फोन कट झाला.

महिना संपेपर्यंत ताट रोज पायरीवर येत राहिलं. नीलम्मा समोर आली नाही. खालून सकाळी वचनांचा आवाज यायचा, आणि गिरिजा जिना उतरू लागली की तो थांबायचा.

*

निघायच्या दिवशी संघमित्रा स्कूटी घेऊन आली आणि बोळाच्या तोंडाशीच उभी राहिली. "खोलीत पीठ पडतं," राहायला बोलावताना तिनं एवढंच सांगितलं होतं, "शिंकलीस तर हाकलून दीन." एक बॅग हातात, एक पाठीवर. गिरिजा निळ्या दारावरून पुढं गेली, तेव्हा मागून हाक आली.

"गिरे."

नीलम्मा उंबऱ्याच्या आत उभी होती. तळहातावर डबी. चिंचेनं घासून लख्ख केलेली, गिरिजानं ती इतकी पांढरी कधी पाहिली नव्हती. दोरा नवा होता.

"घे. तुझी राहिली होती."

गिरिजानं घेतली. जड लागली. खुळखुळली नाही. तिनं झाकण उघडलं. आत ताजा चुना होता, भिजवलेला, मऊ, काठोकाठ.

"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये," नीलम्मा म्हणाली.

"रिकामी नव्हती अम्मा."

"तो वाळलेला व्हता. दगड झालता. कशाचा उपयोग? घासून काढला."

"कुठं टाकला?"

"मोरीत." नीलम्माच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी काहीतरी उजळलं. काहीतरी चांगलं केल्याचं ते उजळणं होतं, खोटं अजिबात नव्हतं. "लई घट्ट बसलता. सुईनं काढावा लागला."

गिरिजानं झाकण परत बसवलं. आजी मोरीतून गेली होती. आणि ज्या हातांनी ती घालवली, ते हात डबी भरून पुढं आले होते. या बाईवर ओरडायचं कसं, हे तिला कुठल्याच भाषेत येत नव्हतं.

नीलम्मा तिच्या खांद्यावरून बोळाच्या तोंडाकडे बघत होती. डोळे बारीक करून.

"ती कोण हाय गं? गाडीवाली?"

अजूनही तिनं ओळखलं नव्हतं. गिरिजानं दोरा गळ्यात घातला.

"नम्म मंदी," ती म्हणाली.

नीलम्माचा हात दाराच्या कडेला गेला. दार तिनं लावलं नाही, उघडंही धरलं नाही. गिरिजा तिला तशीच सोडून चालू लागली.

"काय म्हणायली म्हातारी?" संघमित्रानं विचारलं.

"तू कोण, विचारत होती."

"अन् तू?"

गिरिजानं सांगितलं. संघमित्राला कन्नड येत नव्हतं, म्हणून मराठीतही सांगितलं, "आपली माणसं." संघमित्रानं गाडीचा आरसा नीट केला.

"हेल्मेट घाल," ती म्हणाली. "बसतंय का बघ आधी. न्हाईतर ते बी मोडशील."

गाडी रस्त्याला लागली. मागून पोरं ओरडली, "आफ्रिका!" बोळातूनच ओरडली या वेळी. झाकण नीट लागलं नव्हतं. ओला चुना दोऱ्यावरून पाझरून गिरिजाच्या गळ्याला लागला, आणि तिथं चरचरू लागलं. तिनं तो पुसला नाही.